गोधडीवर मोजलेला आवाज

आयुष्यात मी पुष्कळ फुशारक्या मारल्या आहेत आणि त्यातल्या निम्म्या तरी पोकळ असतील. ही मात्र शंभर नंबरी खरी आहे. सोळाव्या वर्षी मी आवाजाचा वेग मोजला, आणि तोही गोधडी धुता धुता.

देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्याच हिवाळ्यातली गोष्ट. आमचं गाव कोंडाणे लेण्यांच्या वाटेवरचं, शाळा कर्जतला. मॅट्रिकच्या फॉर्मवर मला विज्ञान घ्यायचं होतं आणि त्याला विज्ञानाच्या मास्तरांची सही लागायची. मास्तर सही करेनात. तसे ते शिकवायचे झकास. स्टेशनात घाट चढणाऱ्या मालगाडीला मागून इंजिन लागलं की धक्का शेवटच्या डब्यापासून पहिल्यापर्यंत धावतो, डबे मात्र जागच्या जागी जरासे हलतात. आवाजही हवेतून तसाच जातो, लाट पुढे जाते आणि हवा तिथेच राहते, हे त्यांनी आम्हाला फलाटावर नेऊन दाखवलं होतं. पण खेड्यातल्या मुलीने सोपे विषय घ्यावेत आणि पास होऊन मोकळं व्हावं, असं त्यांचं ठाम मत. वडिलांनी तर मास्तर म्हणतील तसं, एवढंच सांगून हात झटकले होते. म्हणजे सही नाही तर विज्ञान नाही.

मी जात्याच भांडखोर. तीन दिवस मागे लागले तेव्हा मास्तर वैतागून म्हणाले, शाळेतल्या एकाही वस्तूला हात न लावता आवाजाचा वेग काढून आण, मग करतो सही. फॉर्मची मुदत पंधरा दिवसांवर होती. ब्याद टळली असंच त्यांना वाटलं असणार.

माझ्या डोक्यात लगेच नदी आली. आई दगडावर गोधडी धुवायची तेव्हा लांबून पाहिलं की दांडकं आधी पडताना दिसायचं आणि आवाज मागाहून यायचा. मागे मागे सरकत अशा जागी पोचलं, की जिथे पुढचा फटका दिसताक्षणी आधीच्या फटक्याचा आवाज कानात पडतो, तर आवाजाला तिथवर यायला बरोबर दोन फटक्यांमधला वेळ लागला. मग अंतर मोजायचं आणि गणित मांडायचं.

काका ठाकुरवाडीला रेल्वेत होते. त्यांच्याकडे सेकंदकाट्याचं खिशातलं घड्याळ होतं, पण ते दुसऱ्याच्या हातात द्यायची त्यांची तयारी नव्हती. म्हणून घड्याळाबरोबर काकाही नदीवर आले. आईने मिनिटात नव्वद फटके मारले, म्हणजे सेकंदाला दीड. हे मोजून मी विहिरीचा पन्नास फुटी दोर टाकत कापणी झालेल्या खाचरांतून मागे निघाले. एकोणीस दोरांवर फटका आणि आवाज जुळले. साडेनऊशे फूट, त्याची दीडपट चौदाशे पंचवीस. पुस्तकात सेकंदाला अकराशे फुटांच्या थोडं वर दिलेलं.

सोमवारी मास्तरांनी वही पाहिली आणि म्हणाले, तुमच्या गावचा आवाज फारच घाईत दिसतो. सगळा वर्ग हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सर्वांसमोर म्हटलं, रविवारी या आणि स्वतःच्या कानाने ऐका. बोलून तर बसले. चूक कुठे झाली हेच मला ठाऊक नव्हतं.

आधी मी काकांच्या घड्याळावर घसरले. ते खवळले. म्हणाले, घड्याळाला नावं ठेवू नकोस, तू जसजशी लांब जात होतीस तसतशी तुझी आई दांडकं उंच उंच नेत होती. आईला विचारलं तर तिला त्यात काही वावगं वाटलंच नाही.

"तू लांब गेलीस म्हणून जोर लावला गं. हलका आवाज वाटंत दमल, नाय का?"

मी कपाळावर हात मारला. जोर वाढला तसा तिचा हात मंदावला होता आणि मी मात्र नव्वदच धरून बसले होते. जोराच्या आवाजाने लाट मोठी होते, वेग तोच राहतो, हे मी तावातावाने सांगितलं. तिने ते शांतपणे ऐकलं, मग म्हणाली, "खरं हाय. पल्याडच्या गावात लग्न असलं की ताशा मोठा नि सनई बारीक, पन दोनी आपल्याला संगतीच ऐकू येतात." मास्तरांनासुद्धा हे उदाहरण सुचलं नव्हतं.

ताल धरायची युक्तीही तिचीच. भात कांडताना दोघी बायका एकाच उखळात आळीपाळीने मुसळ घालतात, ताल चुकला तर मुसळावर मुसळ आपटतं. माझ्या आईचं मुसळ जन्मात कधी आपटलं नव्हतं. फटके मारताना कांडणाची चाल मनात म्हणते, असं ती म्हणाली.

रविवारी मास्तर खरंच आले. काका मिनिटामिनिटाला ओरडून आकडा सांगत होते आणि तो नव्वदवरून हलेना. मी पुन्हा दोर टाकत गेले आणि पंधराव्या दोराला आवाज जुळला तिथे मास्तरांना उभं केलं. दांडकं गोधडीवर पडलं आणि त्याच क्षणी आवाज आला. ते दहा पावलं पुढे गेले, मागे गेले, दोन्हीकडे आवाज चुकला. परत जागेवर आले, परत जुळला. साडेसातशे फूट, दीडपट अकराशे पंचवीस. मला नाचावंसं वाटत होतं आणि मी खरोखरच नाचले, बांधावर, मास्तरांदेखत.

बांधावर बसून, मांडीवर फॉर्म ठेवून त्यांनी सही केली. मग प्रयोगाची वही मागितली. साहित्याखाली मी लिहिलं होतं, दगड, दांडकं, गोधडी, दोर, घड्याळ, आई. त्यांनी लाल शाईने 'आई' खोडलं. ते उठून नदीवर गेले, आईला नमस्कार केला आणि तिचं नाव विचारलं. वहीत वर 'प्रयोग करणाऱ्याचं नाव' असं होतं, तिथे माझ्या नावाच्या आधी त्यांनी तिचं पूर्ण नाव लिहिलं.

आईला वाचता येत नव्हतं. ओले हात लुगड्याला पुसत तिने विचारलं, काय लिवलं? मी वाचून दाखवलं. तिचं नाव त्याआधी कोणत्याही कागदावर मी पाहिलं नव्हतं, तिनेही नाही.

"परत वाच गं," ती म्हणाली.

मी परत वाचलं, या खेपेला पंधराव्या दोरापर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने.