चार मांजरं आणि एक श्रावण

मला मांजरांची आवड नव्हती, हे आधीच सांगते. बोरिवलीला आमच्या पहिल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला बाहेर काढलेलं डबा ग्रिल होतं. त्यात रिकाम्या कुंड्या पडलेल्या. त्या कुंड्यांमागे एका भटक्या मांजरीने तीन पिल्लं आणून ठेवली. दोन करडी, एक पिवळं. आणली तीही नेमकी बिल्डिंग पाडायचं ठरल्यावर. सात आठवड्यांत घरं रिकामी करायची होती. मग कंत्राटदाराची माणसं आधी खिडक्या-ग्रिलं काढणार आणि नंतर भिंती पाडणार. तेवढ्या वेळात ही चार जनावरं माणसाळवून, पिंजऱ्यात घालून मालाडच्या भाड्याच्या घरी न्यायची, नाहीतर त्यांचं काय होणार ते दिसतच होतं. हे काम मला कोणी सांगितलं नव्हतं. मीच अंगावर ओढून घेतलं आणि मग रोज पस्तावले.

गल्लीत मांजरांना खायला घालणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी आपला पिंजरा दिला आणि बजावलं, "दार उघडं ठेव, खाणं आत ठेव. पकडायला जाऊ नकोस. घाई केलीस की वाट लागली समज."

खाणं म्हणजे बांगड्याची डोकी. आमच्या घरी मी आणि आई, दोघीच. आई मालवणची, सत्तरी ओलांडलेली. मासेवाली मावशी आठवड्यातून तीनदा दारात यायची. पावसाळ्यातले बर्फातले बांगडे, म्हणून आई नाक मुरडत घ्यायची, पण घ्यायची. डोकी बिनमिठाची उकडून मला द्यायची. पहिल्या आठवड्यात मांजरीने माझ्या मनगटावर असा पंजा मारला की मला इंजेक्शनांसाठी फेऱ्या घालाव्या लागल्या. दुसऱ्या आठवड्यात ती हातभर अंतरावरून फिस्कारायची. तिसऱ्या आठवड्यात पिंजऱ्याच्या दाराशी बसून खायला लागली, आणि एका दुपारी पिवळ्या पिल्लाने माझं बोट चाटलं. ऑफिसची मीटिंग चालू होती. मी कॅमेरा बंद करून रडले.

"तां तुका नाय वळखत," आई म्हणाली. "बांगड्याक वळखता."

मला राग आला. तिला माझं कौतुक कधी करताच येत नाही.

मग अमावास्या आली. गटारीला आमच्याकडे एवढे मासे झाले की मांजरांची चंगळ. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईने माशांचा तवा घासूनपुसून माळ्यावर टाकला. फ्रिजवरच्या देव्हाऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "श्रावणात ह्या घरात मासो येवचो नाय. देव आसत."

मी जन्मापासून हे पाहतेय. अख्ख्या ऑफिसची वेळापत्रकं मी करते. आणि सात आठवड्यांमधले शेवटचे तीन श्रावणात जातात, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. सगळं माणसाळवणं बांगड्यावर उभं केलं आणि बांगडाच बंद. स्वतःचाच एवढा संताप आला की दिवसभर आईशी बोलले नाही.

दूधभात दिला. पिल्लांनी चाटला, मांजरीने ढुंकून पाहिलं नाही. पाकिटातलं महागडं खाणं आणलं. मांजरीने ते हुंगलं आणि घाण झाकावी तसं पंजाने फरशी खरवडून निघून गेली. माझी आई हसली. मी नाही हसले.

चौथ्या दिवशी ग्रिल रिकामं. शोधलं तर चौघं खाली पार्किंगमध्ये, मोडक्या स्कूटरींच्या मागे.

"मांजर पिल्लांका सात घरां फिरवता," आई शांतपणे म्हणाली.

"सात घरं उरलीत कुठे ह्या बिल्डिंगमध्ये?" मी ओरडले. रोज एक कुटुंब सामान भरून जात होतं.

शेवटी मी चोरून सुरू केलं. बाजारातून मांदेली आणायची, पार्किंगमध्ये वर्तमानपत्रावर कापायची, कच्चीच घालायची, वर येऊन अंघोळ करायची, कपडे वेगळे भिजवायचे. आई नुसती बघायची. मांजरं यायची, खायची. पण टेम्पो मागे घेतल्याचा आवाज आला की पळाली. खाली आणलेल्या पिंजऱ्याकडे फिरकेनात. ज्याने बोट चाटलं तेच पिवळं आता माझ्यावर फिस्कारत होतं. चार आठवड्यांची मेहनत पाण्यात.

निघायच्या आदल्या दिवशी रीतीप्रमाणे देव पुढे गेले. आईने मालाडला देव मांडले, दूध उतू घालवलं आणि परत आली. संध्याकाळी मी फुटलेच. "तुझ्या श्रावणापायी चार जीव जाणार," म्हटलं. ती भांडी बांधत राहिली.

सकाळी तिनेच मला उठवलं. "बाजारात जा. बांगडे घेवन ये."

"आणि तुझे देव?"

"देव काल गेले. आता ह्यां घर नाय, नुसती खोली आसा."

न बांधलेल्या शेगडीवर तिने स्वतः डोकी उकडली. पिंजरा ग्रिलमध्ये जुन्या जागी ठेवला. पाव तासात मांजर कंपाउंडच्या भिंतीवरून, छज्ज्यावरून वर आली. मागे तिन्ही पिल्लं. ती पिंजऱ्यात शिरली, करडी दोन्ही शिरली. पिवळं दाराशी थबकलं आणि त्याच क्षणी जिन्यात हमालांनी कपाट आदळलं. मांजरीने गर्रकन मान वळवली. आता सोडली तर चारही गेली. मी दार लावलं. पिवळ्याने मागच्या मागे छज्ज्यावर उडी मारली.

दुपारपर्यंत थांबलो. टेम्पोवाला हॉर्न मारत होता. आई ग्रिलपाशी बोचक्यावर बसून, हातात बांगड्याचं डोकं धरून "ये रे, ये" करत होती. पिवळं आलं नाही.

त्यानंतर पाच दिवस मी मालाडहून जात राहिले. पहिल्या दिवशी ते भिंतीवर दिसलं, हाक मारल्यावर पळालं. तिसऱ्या दिवशी भोवती पत्रे लागले आणि वॉचमन आत सोडेना. पाचव्या दिवशी आमचं ग्रिल नव्हतं, खिडकीच्या जागी भोक होतं. परत आले तर मांजर बंद खिडकीशी बसून ओरडत होती आणि करडी दोघं माझ्या उशीवर झोपली होती. मला त्यांच्याकडेही बघवेना.

मालाडच्या ह्या घराची किल्ली श्रावणाच्या पहिल्याच आठवड्यात आमच्या हातात आली होती. ते आठवलं आणि मी स्वयंपाकघरात गेले. आई भाजी निवडत होती.

"देव पंधरा दिवस आधी हलवता आले नसते का गं?"

"इले असते की," ती मान वर न करता म्हणाली. "तू माका इचारलंस खंय? तू पार्किंगात लपान मांदेली कापीत होतंस."