मखमलीच्या पाठीला मलमल

कमरुन्निसाचाचींकडे कापड नेलं की त्या रंग विचारत नाहीत, फॅशन विचारत नाहीत. पहिला प्रश्न, "घालशीन कव्हा?" मग कापड ओठांशी धरायचं, मागे तळहात लावायचा आणि फुंकर मारायची. तळहाताला वारा लागला तर कापड उन्हाळ्याचं, नाही लागला तर हिवाळ्याचं. पावसाळ्याचा कायदा वेगळा. कापड लवकर वाळणारं हवं आणि सलवार घोट्याच्या वर हवी, कारण आमची काळी माती एकदा पायाला चिकटली की घरापर्यंत सोबत येते.

मी सुचिता. शेलूबाजारात माझं बांगड्यांचं दुकान आणि चाचींचं शिलाईचं, मध्ये एक भिंत. बावीस वर्षं मी त्यांना गिऱ्हाईक परत पाठवताना पाहतेय. एकीनं ऐन चैत्रात सॅटिन आणलं, तर म्हणाल्या, "हे घालून चुलीपाशी बसशीन, तं भाजीच्या आंधी तूच शिजशीन." बाई तणतणत गेली आणि दुसऱ्या दिवशी सुती कापड घेऊन आली. अशा या फटकळ चाची आतून किती भित्र्या आहेत, हे मला यंदाच्या मे महिन्यात कळलं. मीही काही वाघीण नाही, तेही कळलं.

भाजीचे व्यापारी सादिकभाई यांच्या लेकीचं, अनमचं लग्न जानेवारीत होतं. आसेगावच्या सासरहून बरी, म्हणजे नवरीचे कपडे, थंडीतच येऊन पडले होते. जाड, मरून रंगाची मखमल, आत नायलॉनचं अस्तर, वरून जरीकाम. मग नवऱ्या मुलाचे आजोबा वारले, तारीख मे महिन्यात गेली आणि कपडे मात्र तेच राहिले. सासूबाई हौशी. शगुफ्ता या आपल्या चौदा वर्षांच्या लेकीलाही त्यांनी तसाच मखमली पोशाख घेतला होता. चाचींचा हात चांगला म्हणून दोन्ही पोशाख मापाला बसवायला इथेच आले. सोबत निरोप होता : उसवा, टाके घाला, पण कापड कापू नका. बरीला कात्री लागली की नातं कापलं जातं, असं त्या घरात मानायचे.

चाचींनी फुंकर मारली. पुन्हा मारली. तळहाताला वारा लागेना, तशी मखमल त्यांनी मांडीवर टाकली. अनम नुकतीच टायफॉईडमधून उठली होती. चार पावलं चालली तरी तिला धाप लागायची.

"पोट्टी मरून जाईन व इच्यात," त्या म्हणाल्या.

"मंग सांगा ना सासूले."

"मी सांगू? अन् सोयरीक मोडली तं? अनमच्या कपाळावर येईन ते."

दोन दिवस त्यांनी त्या कपड्यांना हात लावला नाही. तिसऱ्या दुपारी शटर अर्धं ओढलं आणि मला बाहेर पहाऱ्याला बसवलं. आतून "बिस्मिल्ला" ऐकू आलं, मग कात्रीचा आवाज. अनमच्या कुर्त्याची अख्खी पाठ त्यांनी काढली आणि तिथं मलमल लावली. मरून मलमल मिळाली नाही, म्हणून पांढरीच. वरून डोक्यापासून कमरेपर्यंत ओढणी येणार होती, कोणाला दिसणार?

"अन् शगुफ्ताचं?" मी विचारलं.

चाचींनी दुसरा कुर्ता घडी करून बाजूला ठेवला. "तिची ओढनी खांद्यावर राह्यन. पाठ साऱ्याइले दिसन. लहान हाय, हिंडन, फिरन, हवा लागन तिले."

मी मान डोलावली. ती मान मी आजही विसरलेली नाही.

पुढचे बारा दिवस चाचींना अन्न गोड लागलं नाही. दारात मोटरसायकल थांबली तरी त्या दचकायच्या. आसेगावहून कोणी आलं असेल, कळलं असेल, असं सारखं वाटायचं. मी धीट असल्याचं सोंग आणत होते, पण मोटरसायकलचा आवाज आला की मीही रस्त्यावर डोकावायचे.

लग्नाच्या दुपारी चव्वेचाळीस अंश तापमान होतं. शादीखान्याचं छत टिनाचं, चार कूलर घरघरत होते. सासरच्या बाया येऊन अनमचं जरीकाम हाताळायच्या. एखादीचा हात खांद्यापलीकडे गेला की चाची माझं मनगट आवळायच्या. माझ्या दोन बांगड्या तिथंच फुटल्या. तेवढ्यात लाईट गेली. कूलर बंद पडले आणि पंधरा मिनिटांत त्या हॉलची भट्टी झाली. आम्ही अनमकडेच पाहत होतो. ती घामेजली होती, पण श्वास नीट चालला होता.

धप्पकन आवाज आला तो दाराकडून. शगुफ्ता पडली होती.

सासूबाई किंचाळल्या. पोरीचं अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा टिपूस नाही, डोळे पांढरे. चाची साठीच्या आहेत, पण मी त्यांना तेव्हा धावताना पाहिलं. पिशवीतली कात्री काढली आणि सगळ्या बायांदेखत त्या पोरीच्या पाठीवरची मखमल मानेपासून खालपर्यंत उभी फाडली. "पानी आना!" त्या ओरडत होत्या. अनम उठली. डोक्यावरची ओढणी ओढून काढली, हंड्यात बुडवली आणि नणंदेच्या अंगावर पसरली. तिची पांढरी मलमलीची पाठ सगळ्यांना दिसली. सासूबाईंनाही दिसली.

शगुफ्ताला जीपमध्ये घातलं. दवाखान्यात दोन तास सलाईन, बर्फाच्या पट्ट्या. सासूबाई एका बाकावर आणि आम्ही दोघी समोरच्या. त्या दोन तासांत चाचींना सोयरीक आठवली नाही, दुकान आठवलं नाही. त्या फक्त आतल्या दाराकडे पाहत होत्या.

पोरीनं डोळे उघडले, पाणी मागितलं. डॉक्टर म्हणाले, आता भीती नाही.

तेव्हा सासूबाई उठून चाचींसमोर उभ्या राहिल्या. रडून रडून आवाज बसला होता. "तुमाले ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "सुनेचं केलं. मंग माह्या पोरीचं काहून नाई केलं?"

"भेली मी."

"कोनाले?"

चाचींनी मान वर केली नाही.

"तुमाले," त्या म्हणाल्या.