धाकटी ओरडली नाही

वयाची चौपन्न वर्षं उलटली तरी घरच्यांसाठी ती धाकटीच होती. थोरला भाऊ, वहिनी आणि ती, एवढंच काय ते घर उरलं होतं, आणि त्या घरात धाकटीच्या भित्रेपणाचे किस्से चहाबरोबर निघायचे. गॅसचं बटण ती तीनदा बघायची, मग जिन्यातून परत फिरून चौथ्यांदा. लिफ्टमध्ये पाऊल ठेवायची नाही, आणि भावाने तर उभी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलेली! "सख्ख्या बहिणीचाच माझ्या कामावर भरवसा नाही," असं तो चारचौघांत सांगायचा. लोक हसायचे. तीही हसायची. एकदा समोरच्या गच्चीतून धूर दिसला म्हणून तिने आगीचा बंब बोलावला. वर कुणीतरी नुसती शेगडी पेटवली होती. त्या दिवसापासून भावाने तिचं नाव 'भोंगा' ठेवलं.

कामावर मात्र ती वेगळीच बाई होती. कवळ्या बनवायच्या कारखान्यात खिडकीजवळचं टेबल तिचं. मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवताना तिचा हात तसूभरही हलायचा नाही. बत्तीस वर्षांत तिच्या हातची कवळी टोचते म्हणून परत आली, असं क्वचितच झालं.

त्या वर्षी भावाच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. चार महिने घरात बसून तो कातावला आणि एके दिवशी त्याने जाहीर केलं, "रविवारी ओढ्यावर. गळाची शर्यत. आमिष ज्याचं त्याचं."

ओढ्यावर तिघं पूर्वीही जायची, पण यावेळी वादाला निमित्त होतं. भावाचा जीव गळाला लावायच्या पितळी चमच्यावर. पाण्यात ओढला की लखलखतो आणि मासा पिसाळून अंगावर येतो, असं त्याचं म्हणणं. वहिनीला रबरी किड्यापलीकडे काही पटायचं नाही. धाकटीने कारखान्यातल्या बारीक कोरणीने एक लाकडी मासोळी कोरली होती, बोटाएवढी, खवल्यांसकट.

"ही कपाटात ठेवायची की पाण्यात टाकायची?" भाऊ म्हणाला.

"मासा मोजायचा आणि परत सोडायचा. दुपारी बारापर्यंत," वहिनीने नियम सांगितला. "आणि अहो, तुम्ही पाण्यात उतरायचं नाही. काठावरूनच काय ते."

रविवारी सकाळी आठला तिघं पोहोचली. वर ऊन होतं. ओढ्याच्या उगमाकडे डोंगरावर मात्र आभाळ शाईसारखं झालं होतं. धाकटीने ते पाहिलं आणि म्हणाली, "दादा, तिकडे पाऊस असेल का?"

"झाला सुरू भोंगा!" भाऊ हसला. वहिनीही हसली.

एकाखाली एक असे तीन डोह होते. वरचा भावाने घेतला, मधला धाकटीला. खालच्या डोहात मधोमध एक मोठा सपाट खडक होता. तीन दगडांवर पाय देत वहिनी त्यावर जाऊन बसली. तिघांना तिघं दिसत होती आणि मोठ्याने बोललं तर ऐकूही येत होतं.

दहापर्यंत रबरी किड्याला दोन मासे लागले, चमच्याला एक. लाकडी मासोळी कोरडीच. भाऊ वरून चिडवत होता. धाकटीचं निम्मं लक्ष त्याच्या श्वासाकडे होतं आणि निम्मं पाण्याकडे. तिच्या पायाजवळ एक पांढरा पट्टा असलेला दगड होता. सवयीप्रमाणे आल्या आल्या तिने तो हेरून ठेवला होता. पाणी पट्ट्याच्या चार बोटं खाली होतं.

साडेदहाला पट्टा दिसेना.

ती वाकली. पाण्याचा रंग चहासारखा झाला होता. काड्या, पानं, फेसाचे पुंजके वाहत येत होते, आणि ओल्या मातीचा कुबट वास येत होता. तिने वर पाहिलं. भाऊ तोंडाने शीळ घालत चमचा फेकत होता. खाली पाहिलं. वहिनी किडा गळाला लावण्यात गुंग.

तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

भोंगा. तो धूर, तो बंब, खाली जमलेले शेजारी. भाऊ चार महिन्यांनी पहिल्यांदा असा खुलला होता. बारा वाजायला आता कितीसा वेळ? कदाचित पट्टा तिनेच नीट पाहिला नसेल. पाणी जरा चढतं, उतरतं. ती स्वतःला समजावत राहिली आणि घड्याळ बघत राहिली. पाच मिनिटं. सात. पाणी तिच्या बुटात शिरलं. तेवढ्यात काठीला असा हिसका बसला की ती पुढे झुकली. लाकडी मासोळीला मासा लागला होता.

"लागला! भोंग्याला लागला!" भाऊ वरून ओरडला.

धाकटीने काठी सोडून दिली. मासा, मासोळी, काठी, सगळं प्रवाहात गेलं.

"वहिनी! बाहेर ये! पाणी चढतंय!" ती घसा फोडून ओरडली.

पण आता ओढ्यालाच आवाज आला होता. वहिनीने हात कानामागे नेला. मग तिने मागे वळून पाहिलं. तीन दगडांपैकी एकही दिसत नव्हता. धाकटी खालच्या डोहाच्या काठाशी धावली.

भाऊ धापा टाकत काठाने खाली धावत आला आणि थेट पाण्यात शिरला. गुडघ्यापर्यंत गेला, तोच धाकटीने मागून त्याचा कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि चिखलात बसकण मारली.

"सोड! बायको आहे माझी!"

"नाही सोडणार."

"सोड म्हणतो ना, मूर्ख!" त्याचं कोपर तिच्या गालावर बसलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिने मनगट त्याच्या पट्ट्यात अडकवून घेतलं.

"दादा, तू गेलास तर मला दोघांना वाहत जाताना बघावं लागेल. मी नाही बघू शकणार. ऐक माझं, मला खूप भीती वाटतेय."

त्याचा जोर ओसरला. तो काठावर कोसळल्यासारखा बसला, हात छातीशी. चेहरा राखेसारखा. एका हातात त्याचा पट्टा तसाच धरून तिने दुसऱ्या हाताने फोन काढला. बंबवाल्यांचा नंबर दोनदा चुकला. तिकडच्या माणसाने शांतपणे जागा विचारली आणि सांगितलं, "चाळीस मिनिटं तरी लागतील. कुणी पाण्यात उतरू नका."

चाळीस मिनिटं. पाणी खडकाच्या कडेला आलं, मग वरून वाहू लागलं. वहिनी उभी राहिली. पाणी तिच्या घोट्यापर्यंत आलं. एक अख्खी फांदी खडकाला धडकली आणि तिचा तोल गेला, पण ती सावरली. धाकटी दोन्ही हात वर करून खुणा करत होती: बस, खाली बस, धरून ठेव. वहिनी बसली. आता पाणी तिच्या कमरेला लागत होतं आणि तोंड पांढरंफटक दिसत होतं. भावाचे नुसते ओठ हलत होते. धाकटी एकदा खडकाकडे बघायची, एकदा त्याच्या छातीकडे, आणि आपल्या दहा मिनिटांचा हिशेब तिच्या डोक्यात घणासारखा पडत होता.

पन्नासाव्या मिनिटाला बंबाची गाडी आली. दोघं जण दोर बांधून उतरले आणि वहिनीला मधोमध धरून बाहेर घेऊन आले. ती धडधाकट होती, फक्त थंडीने दात वाजत होते. भावाने तिला मिठी मारली आणि सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडला. त्याला दवाखान्यात नेलं, दोन दिवस ठेवलं आणि सोडलं. हृदयाला काही झालं नव्हतं.

धाकटीला मात्र घास गिळवेना. तिसऱ्या दिवशी वहिनी स्वयंपाकघरात एकटी भांडी पुसत होती, तेव्हा तिने सगळं सांगून टाकलं. "पट्टा बुडाला तेव्हाच मला कळलं होतं. दहा मिनिटं गप्प बसले मी. तुम्ही हसाल म्हणून."

वहिनीच्या हातातला पेला तसाच राहिला. "पाणी गढूळ झालेलं मलाही दिसलं होतं," ती हळू म्हणाली.

"मग बाहेर का नाही आलीस?"

"तुझ्याकडे बघितलं. तू गप्प होतीस. म्हटलं, धाकटी ओरडत नाहीये म्हणजे काही नसणार."

घरातल्या हसण्याखाली असं काही असेल, हे धाकटीच्या कधी ध्यानीमनी नव्हतं. या माणसांनी आपला जीव तिच्या भीतीच्या भरवशावर टाकला होता, आणि त्याची तिला खबरच नव्हती.

"ह्यांना सांगू नकोस," वहिनी म्हणाली. "मी नाही सांगणार."

पुढचे दोन आठवडे कारखान्यात तिचा हात कापत होता. एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या कवळीत समोरचा दात तिरका बसला आणि ती परत आली. मालक ती नुसती तिच्या टेबलावर ठेवून गेला. तिने दात काढला, मेण गरम केलं आणि पुन्हा बसवला. सरळ बसायला तीन खेपा लागल्या.

भावाने त्यानंतर तिला भोंगा म्हटलं नाही. तिला ते बरं वाटायला हवं होतं. पण जेवताना तिने खिडकीकडे पाहिलं तरी दोघांचे हात घासाजवळ थांबतात, आणि ती पुन्हा ताटाकडे बघेपर्यंत दोघं तिच्या तोंडाकडे बघत राहतात, हे तिच्या लक्षात येऊ लागलं.