अंपायरनंच केलेलं अपील

पन्नाशीला टेकलेल्या खेळाडूंकडे रन कमी आणि किस्से जास्त जमतात. रन स्कोअररनं लिहिले की तिथंच थांबतात. किस्से मात्र दर रविवारी, चहाबरोबर वाढतच जातात! आमच्याकडचे निम्मे एकट्या बशीरभाईंचे.

बशीरभाई भवानी पेठेतले. सोलापुरात मिल चालू होत्या तेव्हा एका मिलनं त्यांना पगारावर ठेवलं, ते विकेटकीपिंगला. मागाला हात लावायचा नाही, फक्त झेल सोडायचा नाही!

पुतण्याच्या लग्नात ग्रुप फोटोला सगळे उभे, आणि हे नवरदेवाशेजारी उकिडवे, हात पुढं. फोटोग्राफर म्हणाला, "चाचा, उठा की!"

"पैले बॉल डेड होने दे!"

*

पुढं गुडघे गेले आणि बशीरभाई अंपायर झाले. मैदानावर उभं राहायला आता तो पांढरा कोट एवढाच रस्ता उरला होता.

पहिलीच मॅच. बॉल पॅडवर आदळला. बॉलर गप्प, कीपर गप्प. आणि अंपायर गुडघे विसरून, हवेत उडी मारून, "हाऊज दॅट!"

बॅट्समन चाचरत म्हणाला, "चाचा, तुमी इचारलंय कुणाला?"

बशीरभाईंनी इकडं तिकडं पाहिलं. मग स्वतःलाच दमात घेतलं, "नॉट आऊट! लेग के बाहर था. उगं वरडू नको!"

*

माळशिरसच्या मॅचमध्ये बॉलरचा घसा बसला होता. तो हळूच म्हणाला, "माझ्या वाटचं बी तुमीच वरडा की!"

ओरडले! वर आऊटही दिलं!

तक्रार गेली. आमच्या क्लबाचे अध्यक्ष सिद्रामअण्णा म्हणाले, "बशीरभाई, अंगात कोट असताना आता एक जरी अपील केलं, तर कोट जमा. कायमचा!"

बशीरभाईंना त्या दिवशी चहा गोड लागला नाही. मैदानाबाहेर खुर्चीत बसून मॅच बघायची म्हणजे काय!

*

मग त्यांनी उपाय काढला. मैंदर्गीच्या मॅचला तोंडात मूठभर शेंगदाणे भरून उभे राहिले. तोंड बंद, अपील बंद!

बॉलरनं नेमका नो बॉल टाकला. आता ओरडणं भाग. बशीरभाई जीव खाऊन ओरडले आणि सगळे शेंगदाणे सुटले. बॅट्समननं गडबडीत बॉल सोडून शेंगदाणा कव्हरला मारला. कव्हरवाल्यानं झेलला आणि खाल्ला!

नो बॉल होता म्हणून वाचला बिचारा!

*

गेल्या सीझनची फायनल. जिंकायला एक रन, विकेट शेवटची, बॅटिंगला मी. मांडवात सिद्रामअण्णा डोळे रोखून बसलेले.

मी बॅट फिरवली. बॉल बारीकशी कड घेऊन कीपरच्या हातात. पण नेमका त्याच वेळी ढोलवाल्यानं ढोल बडवला. कीपरला कळलं नाही, बॉलरला कळलं नाही. कळलं फक्त मला आणि बशीरभाईंना.

मी आभाळाकडं बघत उभा. बशीरभाई लालबुंद. गळ्याच्या शिरा टरारलेल्या.

"चाचा, जाऊ द्या की," मी पुटपुटलो.

त्यांनी कोट काढला. नीट घडी घालून स्टंपांवर ठेवला. दोन पावलं बाजूला सरकले आणि असे ओरडले की ढोलवाला थांबला, "हाऊज दॅट!"

मग शांतपणे कोट घातला. गळ्यापर्यंत बटणं लावली. आणि बोट वर केलं!

अण्णा मांडवातून धावत आले. "बशीरभाई, वरडलं कोण?"

"होंगा कोई पब्लिकवाला," बशीरभाई कॉलर नीट करत म्हणाले. "अंपायर तर आत्ता आलाय की!"