शॉर्टस्टॉप द्यायचा की ठेवायचा

बेसबॉलचा सामना मी आजवर एकदाही मैदानात बसून पाहिलेला नाही. तरीही एका अमेरिकन संघाच्या शॉर्टस्टॉपचा डावा गुडघा कधीपासून दुखतो आणि त्याच्या जागी कुणाला घेता येईल, हे मला एकेकाळी तोंडपाठ होतं. हे सगळं ज्ञान मला सिंगापूरमधल्या आंग मो किओ भागातल्या आमच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, दुपारच्या पाऊण तासाच्या सुट्टीत मिळालं.

ही दोन हजार बारा-तेराच्या सुमाराची गोष्ट. पुण्यातली नोकरी सोडून मी एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, सिंगापूरला आले होते. नवरा बोटीवर इंजिनिअर. तो सहा सहा महिने समुद्रावर असायचा आणि त्याची बोट बऱ्याचदा इथल्या बंदराला लागायची, म्हणून आम्ही हे शहर निवडलं. मुलगी सात वर्षांची होती. यिशुनमध्ये भाड्याचा फ्लॅट घेतला, मुलीला जवळच्या शाळेत घातलं आणि मी सर्किट बोर्डांची तपासणी करणाऱ्या विभागात रुजू झाले. काम जमत होतं, माणसं मात्र जमत नव्हती. विभागातले सगळे वयाने लहान, आपसात चिनी बोलणारे. वाईट कुणीच नव्हतं, पण जेवायला चला असंही कुणी म्हणत नव्हतं. पहिले दोन महिने मी माझा पोळीभाजीचा डबा कोपऱ्यातल्या टेबलावर एकटीने संपवला.

मग एके दिवशी कोपऱ्यातलं टेबल भरलेलं होतं. डबा हातात घेऊन मी उभी होते, तेव्हा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आपला नूडल्सचा वाडगा जरा बाजूला सरकवला.

"बस इथे," ते म्हणाले. "पण आमचं भांडण चाललंय. ते चालूच राहील."

ते शेजारच्या लॅबमधले तंत्रज्ञ. जन्माने इथलेच, तीस वर्षांहून जास्त काळ या कंपनीत. सगळे त्यांना अंकल म्हणायचे, मीही म्हणायला लागले. त्यांच्या समोर बसल्या होत्या लॅबच्या प्रमुख बाई. तैवानच्या, पन्नाशीच्या आसपासच्या, बारीक अंगाच्या आणि ठणठणीत आवाजाच्या. दोघांमध्ये टेबलावर चिली सॉसची पाकिटं ओळीने मांडलेली होती.

"हा आमचा शॉर्टस्टॉप," एका पाकिटावर बोट ठेवून बाई मला म्हणाल्या, जणू मला सगळं माहीतच आहे. "वय चौतीस. गुडघा गेलेला. आज त्याला दुसरा संघ घेईल, पुढच्या वर्षी कुणी विचारणार नाही. तू सांग, द्यायचा की ठेवायचा?"

मी म्हटलं, शॉर्टस्टॉप म्हणजे काय?

अंकल इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी मला सगळं पहिल्यापासून समजावलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहतो तो शॉर्टस्टॉप. आपल्याकडे क्रिकेटमध्ये पॉइंटला चपळ माणूस लागतो तसा, कारण चेंडू सगळ्यात जास्त त्याच्याकडे येतात. हंगाम ऑक्टोबरच्या आसपास संपतो, वसंतात पुन्हा सुरू होतो. मधल्या काळात सामने नसतात, पण संघ आपसात खेळाडूंची अदलाबदल करतात. त्याला ट्रेड म्हणतात. कोण द्यावा आणि बदल्यात कोण घ्यावा, यावर चाहत्यांचे वाद चालतात ते याच महिन्यांत.

हे दोघं त्या संघाचे चाहते कसे झाले तेही कळलं. अंकल तरुणपणी एका उन्हाळ्यात ट्रेनिंगसाठी त्या शहरात राहिले होते, मैदान त्यांच्या हॉस्टेलच्या मागेच होतं. बाईंनी एम.एस. तिथेच केलं. तो संघ बहुतेक हरायचाच, त्यामुळे त्या शहराबाहेर त्याला चाहते फारसे नसावेत. त्यातले दोन आंग मो किओत, एकाच लॅबमध्ये निघाले.

दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्याकडे वळले, तर अंकलनी लांबून हात केला. त्यानंतर मी रोज त्यांच्याच टेबलावर.

दोघांचे पक्ष ठरलेले होते. अंकलना जुना शॉर्टस्टॉप सोडायचा नव्हता. हवं तर खालच्या लीगमधली दोन तरुण पोरं द्या, पण त्याला ठेवा. बाईंचं उलट. नव्याला हात लावायचा नाही, जुनं द्या. मी दोघांच्या मध्ये बसून लसणाची चटणी वाढायची. अंकल ती नूडल्समध्ये कालवून खायचे. मी नवीन आणि कुणाच्याच बाजूची नाही म्हणून रोज निकाल मलाच विचारला जाई. एकदा मी विचारलं, "पण त्या खेळाडूला कुणी विचारतं का, की बाबा तुला जायचंय का?"

"नाही," अंकल म्हणाले. "बहुतेकांना नाही विचारत. एक फोन येतो."

"मग मुलांच्या शाळेचं काय करतात?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न दोघांच्याही डोक्यात आला नव्हता. तेव्हापासून कुठल्याही नव्या खेळाडूचं नाव निघालं की बाई माझ्याकडे वळून म्हणत, "थांब, आधी याची मुलं कितवीत आहेत ते बघू." चेष्टाच ती, पण चेष्टा करण्याइतकं आपलं कुणीतरी मला मिळालं होतं. मी घरी जाऊन हे मुलीला सांगायची. ती अभ्यासातून मान वर न करता, शाळेत उचललेल्या इथल्या इंग्रजीत म्हणायची, "आई, यू ऑल्सो प्लेइंग बेसबॉल ला?"

जानेवारीत तो शॉर्टस्टॉप खरंच गेला. पार दुसऱ्या किनाऱ्यावरच्या संघाने त्याला घेतलं. अंकल त्या दिवशी अर्धा वाडगा तसाच ठेवून उठले आणि बाईंनी जिंकूनही त्याचं पाकीट ओळीतून काढलं नाही.

चिनी नववर्षाची सुट्टी संपवून आम्ही कामावर आलो, त्याच आठवड्यात माझ्या विभागाला मीटिंगला बोलावलं. बोर्डांची तपासणी दुसऱ्या देशातल्या कारखान्यात हलवायची ठरली होती. आमचा विभाग मार्चअखेर बंद. इथल्या लोकांसाठी काहीतरी बघू म्हणाले. पासवर आलेल्यांबद्दल कुणी काही म्हणालं नाही, कारण म्हणण्यासारखं नव्हतंच. नोकरी गेली की पास जातो, आणि मग महिन्याभरात सामान बांधायचं. माझा पास गेला की त्यावरचा मुलीचा पासही जाणार. तिला नुकतीच शाळेत मैत्रीण मिळाली होती.

नवरा तेव्हा भर समुद्रात होता. त्याला ईमेल पाठवली, उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. "घाबरू नकोस. जावंच लागलं तर सगळे पुण्याला जाऊ." त्याच्या हातात तेवढंच लिहिणं होतं. मी वीसेक ठिकाणी अर्ज केले. दोघांनी मुलाखतीला बोलावलं, पुढे काही झालं नाही. टेबलावर मी हे दोघांना सांगितलं. बाईंनी फक्त एवढंच विचारलं, "तू आधी पुण्यात कोणत्या टेस्ट करायचीस?" मी सांगितलं. पुढचे काही दिवस त्या जेवायला आल्याच नाहीत. मला वाटलं, माझं रडगाणं ऐकून कंटाळल्या असतील.

मार्चच्या मध्यावर एचआरने बोलावलं. मला लॅबमध्ये जागा दिली होती. पास तोच, पगार तोच, सोमवारपासून रुजू व्हायचं. मी खुर्चीत बसून तो कागद दोनदा वाचला. धावत लॅबमध्ये गेले, तर बाई फोनवर होत्या. त्यांनी हातानेच टेबल दाखवलं. खिडकीजवळचं होतं.

"जागा कशी झाली?" मी नंतर विचारलं.

"झाली," त्या म्हणाल्या. "सोमवारी वेळेवर ये."

लॅबमधलं काम वेगळं होतं. बोर्ड तापवायचे, गार करायचे, पुन्हा तापवायचे आणि कुठे दगा देतात ते बघायचं. त्यासाठी फ्रीजएवढं एक कपाट असतं, त्याला टेंपरेचर चेंबर म्हणतात. लॅबमध्ये दोन होते, दोन्ही जुने आणि कुरकुरणारे. नवा चांगला चेंबर होता चौथ्या मजल्यावर, डिझाइनवाल्यांच्या ताब्यात. बारीक काम असेल तर बोर्ड ट्रॉलीवर रचून लिफ्टने वर जायचं, त्यांच्या वहीत नंबर लावायचा आणि त्यांचं काम झालं की उरलेल्या वेळात आपलं उरकायचं. हे काम बहुतेक माझ्याकडेच यायचं. दोन महिने मी ते केलं आणि दोन महिने कुरकुरले.

एका दुपारी ट्रॉलीचं चाक लिफ्टच्या फटीत अडकलं. अंकल मदतीला आले. चाक सोडवता सोडवता मी वैतागून म्हटलं, "लॅबचं मशिन लॅबमध्ये ठेवायचं सोडून चौथ्या मजल्यावर ठेवायची बुद्धी कुणाला सुचली?"

अंकलनी चाक खाली ठेवलं. मग म्हणाले, "तुला सांगायचं नाही म्हणून बॉसने बजावलंय मला. पण तू रोज तिला ऐकू जाईल असं बोलतेस, म्हणून सांगतो."

तो नवा चेंबर लॅबचाच होता. बाईंनी त्यासाठी दोन वर्षं वरच्या साहेबांच्या मागे लागून तो मिळवला होता आणि तो येऊन चारच महिने झाले होते. डिझाइन विभागाकडे एक मंजूर पद रिकामं पडलं होतं, पण चेंबर नव्हता. बाई त्यांच्या प्रमुखाकडे गेल्या आणि म्हणाल्या, चेंबर घे, पद दे.

"आम्ही दोघं तीन दिवस भांडलो तुझ्यावरून," अंकल म्हणाले. "म्हणूनच ती तेव्हा जेवायला येत नव्हती. मी म्हटलं, दोन्ही जुने दे, नवा देऊ नको. ती म्हणाली, जुने ते घेतील कशाला? चांगलं माणूस हवं तर आपल्याकडचं चांगलंच द्यावं लागतं."

"तुम्हाला पटलं?"

"चेंबरबद्दल अजून नाही पटलं," अंकल म्हणाले. "तुझ्याबद्दल भांडण नव्हतंच."

मी ट्रॉली घेऊन वर गेले. चेंबरची काच गार होती. आत मी एकेक बोर्ड लावत गेले. मला आठवत होतं ते माझं रोजचं बोलणं, आणि ते ऐकून एकदाही वर न बघणाऱ्या बाई. माझ्या टेबलाची जागा इतकी ऐसपैस, खिडकीजवळ, रिकामी कशी मिळाली हेही तेव्हाच ध्यानात आलं. पूर्वी चेंबर उभा असायचा तो तिथेच.

खाली आल्यावर मी बाईंच्या समोर उभी राहिले. मी एवढंच म्हटलं, "मला अंकलनी सांगितलं."

त्यांनी अंकलकडे रागाने पाहिलं. अंकल सोल्डरिंग गनमध्ये फार बारकाईने काहीतरी बघत होते.

"हे बघ," बाई म्हणाल्या, "मला तपासणीतलं कळणारा माणूस हवाच होता. मी उपकार केलेले नाहीत." मग म्हणाल्या, "तुझी मुलगी कितवीत आहे?"

"दुसरीत."

"मग झालं तर."

त्यानंतर मी ट्रॉलीबद्दल अवाक्षर काढलं नाही. उलट चौथ्या मजल्यावरच्यांशी इतकी ओळख वाढवली की ते आमच्यासाठी सकाळचा वेळ राखून ठेवायला लागले. माझ्या हातात तेवढीच परतफेड होती.

त्या वर्षी दिवाळीला नवरा घरी होता. सुट्टीच्या दुपारी मी दोघांना यिशुनला जेवायला बोलावलं. चकल्या घरी केल्या, अनारसे लिटिल इंडियातून आणले. हंगाम संपलेला होता, त्यामुळे हात धुवून ताटावर बसताच दोघांची जुंपली. या वेळी वाद कॅचरवरून, म्हणजे यष्टिरक्षकासारख्या खेळाडूवरून होता. मुलगी मध्ये बसून शंकरपाळ्यांचे खेळाडू मांडत होती आणि दोघं तिला "हा नाही, तो इकडे" म्हणून सांगत होते.

नवऱ्याने मला आत बोलावून हळूच विचारलं, "हे भांडतायत का?"

"नाही. माणूस घेतायत."

तो बाहेर गेला. एरवी तो पाहुण्यांशी फारसा बोलत नाही. चकलीची बशी बाईंच्या पुढे धरून तो उभा राहिला आणि म्हणाला, "फेब्रुवारीत मी समुद्रात होतो. हिची ईमेल वाचली तेव्हा आमचं जहाज बंदरापासून अकरा दिवसांवर होतं. मला काहीच करता येत नव्हतं. तुम्ही केलंत. मी विसरणार नाही."

ठणठणीत आवाजाच्या बाई एकदम लाजल्या. त्यांनी चकली उचलली, अर्धी मोडली, आणि त्याला विचारलं, "जहाजाच्या इंजिन रूममध्ये तापमान किती असतं?"

"पंचेचाळीस. कधी पन्नासही," तो म्हणाला.

"आणि तिथली सर्किटं टिकतात?"

तो खुर्ची ओढून बसला. पुढचा अर्धा तास दोघं उष्णतेवरच बोलत होते. अंकल आणि मुलगी मिळून शंकरपाळ्यांचा सगळा संघ खाऊन मोकळे झाले होते, आणि मी चहाला आधण ठेवलं.