बादली बांधून आलेली व्हर्ना

व्हर्ना टोलेफसन माझ्या दुकानात शिरली ती कमरेला रिकामी बादली बांधूनच. बंदुकांच्या दुकानात माणसं काय काय घेऊन येतात, पण बादली मी पहिल्यांदाच पाहिली. काउंटरला टेकलेले दोघे फिदीफिदी हसले. तिने लक्ष दिलं नाही.

"एक रिव्हॉल्व्हर दे," ती म्हणाली. "अस्वलालाही चालेल आणि माणसालाही."

मोंटानातल्या आमच्या गावची निम्मी माणसं लहानपणी व्हर्ना चालवायची त्या शाळेच्या बसमधून गेलेली, मीसुद्धा. नवरा गेला, बसची नोकरी सुटली, मग तिच्याकडे उरल्या डोंगरावरच्या हकलबेऱ्या, झुडपांवरची जांभळी रानफळं. उन्हाळा सरताना ती एकटी जाते, बादल्या भरून आणते आणि गावच्या बाजारात विकते. कुठे तोडतेस, असं आमच्याकडे कोणी विचारत नाही. विचारलं तर खोटं ऐकावं लागतं. व्हर्नाने पोटच्या पोरीलाही जागा सांगितली नव्हती.

गेल्या हंगामात झुडपापलीकडे अस्वल उभं राहिलं, अगदी हातभर अंतरावर. त्याच आठवड्यात एक अनोळखी गाडी बाजारापासून तिच्या घरापर्यंत मागे मागे आली. तेव्हापासून तिच्या पोरीने, सिग्नेने, धोशा लावला होता की एकटीने जाणं बंद कर. डोंगर सुटला तर मी घरात बसून काय भिंती बघू, असं व्हर्नाचं म्हणणं.

अस्वलाला मिरचीचा फवारा बरा, हे मी सगळ्यांना सांगतो. तो तिच्याकडे होताच. मग मी चव्वेचाळीस कॅलिबरचं धूड काढलं. मागच्या आवारात तिने एक बार काढला आणि मनगट धरून बसली. बोटांना संधिवात. खिशात मावणारं छोटंसं दिलं, तर म्हणाली, याने अस्वलाला गुदगुल्या होतील. कमरेला लावून पाहिलं तेव्हा बादली कशाला आणली ते मला कळलं. बादली हाताच्या बरोबर आड येत होती. मग ती खुर्चीवर गाडीत बसल्यासारखी बसली, वरून कोट घालून पाहिला. हसणारे दोघेही आता वाकून बघत होते. माझं जेवण थंड झालं, पण मलाही सोडवेना.

शेवटी तीनशे सत्तावन्न मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरवर आलो. चार इंची नळी, आणि छातीवर बांधायचा पट्टा, म्हणजे बादलीच्या वर आणि कोटाच्या आत. डोंगरावर जड काडतुसं भरायची, बाजारात त्याच चक्रात अडतीसची हलकी. व्हर्नाचा चेहरा खुलला.

मला मात्र एक कोडं सुटेना. बेऱ्या तोडताना आम्ही सगळे "ए अस्वला" असं ओरडत राहतो, म्हणजे ते आधीच बाजूला होतं. तिच्या इतकं जवळ आलं कसं?

"मी ओरडत नाही," ती म्हणाली. "ओरडले तर साऱ्या गावाला जागा कळेल ना, गाढवा."

हंगाम ऐन भरात असताना ती पुन्हा आली. आज बादली नव्हती. स्टुलावर बसली. मग सांगितलं. नेहमीसारखी मुकाट तोडत होती. मागचं झुडूप हललं. तिने दोन्ही हातांनी रिव्हॉल्व्हर उपसलं. फांद्या बाजूला झाल्या आणि लाल टोपी दिसली. सिग्नेची. आईच्या काळजीने पोरगी गाडी खाली लावून मागोमाग चढली होती.

"बोट कुठे होतं ते विचारू नकोस," व्हर्ना म्हणाली.

मी एवढंच म्हणालो, सिग्नेने हाक का नाही मारली?

"मीच शिकवलंय तिला. लहानपणी दुसऱ्या जागी बेऱ्यांना न्यायचे तेव्हा. डोंगरावर तोंड मिटून चालायचं."

आता व्हर्ना रिव्हॉल्व्हर परत करणार असं मला वाटलं. मी गल्ल्याकडे वळलो, तर तिने कोटावरूनच छातीवर थाप मारली. हे राहू दे, म्हणाली, बाजारातून मागे येणारे आहेतच. मग तिने शिट्ट्या मागितल्या. मी एक काढून ठेवली.

"दोन दे. सिग्ने पण येते आता."

"अगं, सगळं गाव ऐकेल."

"ऐकू दे," व्हर्ना म्हणाली, आणि दुकानातच एक तोंडात घालून इतक्या जोरात फुंकली की माझ्या कानठळ्या बसल्या.