अंकुशच्या नावावर चिंतूचं दुखणं

बुधी कुणापुढे रडत नाही. आठ वर्षं तारापूरच्या कारखान्यांत झाडू मारते, सरावलीला पत्र्याच्या खोलीत राहते, आणि ठेकेदार वाकडं बोलला तर त्याचा बाप काढते. अशी बाई त्या दिवशी माझ्याकडे कामगार संघटनेच्या कचेरीत आली, टेबलावरची माझ्या मोटरसायकलची चावी उचलली आणि म्हणाली, "चला दादा. नवरा मरतोय."

नवरा चिंतू, पालघरला सरकारी दवाखान्यात. पायाची जखम चिघळली, ताप डोक्यात गेला, माणसं ओळखेना. वैभवी मॅडम म्हणून तरुण डॉक्टर विचारत होत्या, "आधी कधी कुठल्या औषधाची रिॲक्शन आली होती का?"

आली होती. दोन महिन्यांपूर्वी बोईसरच्या एका खासगी दवाखान्यात इंजेक्शन दिलं, तोंड सुजलं, श्वास अडकला, कसाबसा वाचला. पण बुधी मॅडमसमोर गप्प बसली. कारण तिथला केसपेपर अंकुशच्या नावावर होता.

अंकुश तिचा भाऊ. आमची पाड्यावरची माणसं कारखान्याच्या गेटपासकडे घरच्या कोयत्यासारखं बघतात: आज तू वापर, उद्या मी. अंकुश भाताच्या लावणीला गावी गेला, त्याचा पास चिंतूने गळ्यात घातला. ठेकेदाराला काय, डोकी पुरी भरल्याशी मतलब. पुढे अंकुश मुरबे गावच्या मासेमारी बोटीवर खलाशी लागला आणि पास चिंतूकडेच राहिला. बोईसरच्या दवाखान्यातही तोच पास दाखवला.

"सांगितला तं नोकरी जाईल," बुधी म्हणाली.

"आणि नाही सांगितलं तर?"

मग मीच मॅडमना सगळं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत, लगेच बोईसरला फोन लावला. उत्तर आलं, चिंतू नावाचा पेशंट आमच्याकडे नाही, आणि अंकुशची माहिती फोनवर देत नाही, त्याला पाठवा.

अंकुश समुद्रात. बोट यायला पाच दिवस. मॅडम म्हणाल्या, "माझ्याकडे पाच दिवस नाहीत. ते औषध कुठलं, तेवढं कळू दे."

आम्ही बोईसर गाठलं. काउंटरवर विपुल नावाचा पोरगेला माणूस.

"अंकुश कुठेय?"

"दर्यात," बुधी म्हणाली. "तुमी सुई टोचली तो माजा नवरा. चिंतू."

"मग तुम्ही आम्हाला फसवलं."

"टोचताना तुला तो अंकुश चालला! आता कागद देताना नाय चालत?"

"नियम आहे, ताई. पेशंटशिवाय कागद नाही."

माझं डोकं फिरलं. मी काउंटरवर हात आपटला. "कुठल्या कलमात लिहिलंय, दाखव! माणूस मेल्यावर नियमाची चटणी करून खाणार?"

"दादा, तुमी गप रा," बुधीने मला मागे ओढलं. मग त्याला म्हणाली, "काय लिवून पायजे तुला?"

तो आत जाऊन मालकाला विचारून आला. "माझा नवरा दुसऱ्याच्या नावाने कामाला होता आणि त्याच नावाने त्याने इथे उपचार घेतले," असं विपुलने लिहून घेतलं. कंपनीला कळवणार, हेही सांगितलं. बुधीने शाईत अंगठा बुडवला. एका अंगठ्यात नवऱ्याची आणि भावाची, दोन माणसांची भाकरी गेली, तिला ठाऊक होतं.

मग कागद मिळाला. पालघरला मॅडमनी तो उलटसुलट पाहिला. वर अंकुशचं नाव, खाली एक ओळ: इंजेक्शनची रिॲक्शन, पुन्हा देऊ नये.

"कुठलं इंजेक्शन?" मॅडम कागदालाच विचारत होत्या.

नाव लिहिलंच नव्हतं. फोन केला तर म्हणे, तेव्हाचे डॉक्टर सोडून गेले.

जे औषध सगळ्यात आधी द्यायचं, तेच ते इंजेक्शन असलं तर, या भीतीने नेमकं त्यालाच हात लावायचं मॅडमचं धाडस होईना. दुसरं चालू केलं. ताप हलला नाही. तिसऱ्या दिवशी जखमेचा काळेपणा घोट्याच्या वर सरकला. मॅडम बाहेर आल्या आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. तरच माणूस राहील."

संमतीचा कागद आला. बुधीला वाचता येत नाही. तिने तो माझ्यापुढे धरला.

"नाव वाचा, दादा."

"चिंतू."

"परत वाचा."

मी परत वाचलं. तिने अंगठा लावला, आणि ओली शाई पदराला पुसत तिथेच फरशीवर खाली बसली.